हुंगलेलं फूल

पूजा होईपर्यंत मी बोलत नाही. लग्न होऊन पनवेलला आले तेव्हापासूनचा हा नेम. सासूबाईंनी लावून दिला आणि मला तो मानवला. त्यामुळे सकाळी परडी घेऊन कुमुदबाईंच्या बागेत जाते तेव्हा बोलायचं काम बाईंचं आणि मान हलवायचं माझं. बाईंना ते फार सोयीचं वाटतं. इतकी वर्षं वर्गावर घालवली, पण इतकी गप्प बसणारी विद्यार्थिनी पेन्शनीत मिळाली, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

कुमुदबाई विज्ञान शिकवायच्या. पहिली नोकरी खारघरच्या कडेला ओवे गावातल्या शाळेत, नंतर पनवेलमध्ये, आणि निवृत्तही इथूनच झाल्या. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या सोसायटीत मुद्दाम तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. तळमजला म्हणजे डास, ओल, वरच्यांचे वाळत घातलेले कपडे दारात पडणार. सगळ्यांनी सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, मला माती हवी. माती कुठली, तर भिंत आणि कंपाउंड यांच्या मधल्या बोळात डबर आणि फुटक्या लाद्यांचा ढीग होता. तो त्यांनी उपसून काढला, गोण्या भरभरून लाल माती टाकली आणि जिथे मांजरंसुद्धा फिरकत नव्हती तिथे बाग उभी केली.

पनवेलला वसंत कधी येतो ते मला पूर्वी कळायचं नाही. थंडी अशी नसतेच, आणि होळी पेटली की लगेच घामाच्या धारा. वसंत पंचमीला मी देवाला पिवळी फुलं वाहायची आणि पंचांगात आहे म्हणून वसंत आला असं धरून चालायची. बाईंच्या बागेत मी तो डोळ्यांनी पाहिला. माघात पिटुनिया आणि फ्लॉक्स कडेने फुलून यायचे, जांभळे, गुलाबी, मधेच एखादं पांढरं. मग कुंदा ओसरायचा, बकुळीखाली सडा पडायला लागायचा, सोनचाफ्याच्या पानाआड पिवळी बोटं दिसायची. पाडव्यापर्यंत मधुमालती कंपाउंडवरून बाहेर रस्त्यावर ओसंडायची. बाहेरच्या बाजूची फुलं जाणाऱ्यायेणाऱ्यांची, असा बाईंचा कायदा होता. रिक्षावाले तोडून हँडलला लावायचे. बाई खिडकीतून बघायच्या आणि खूश व्हायच्या.

त्यांचं काम बघत राहावं असं असायचं. पदर खोचलेला, डोक्यावर कुठल्याशा सहलीतली कापडी टोपी, कमरेला कात्री. वेल बांधायला सुतळी घेत नसत, जुन्या साड्यांच्या काठाच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या. सुतळी वेलाला काचते म्हणायच्या. झाड लावताना आधी मुळांवरून बोट फिरवायचं, मग खड्डा. आणि प्रत्येक झाडापाशी थोडं थांबायचं, काही न करता. मी पूजेला बसते तेव्हा आधी क्षणभर तशीच बसते, म्हणून मला ते ओळखीचं वाटायचं.

पण आमच्या दोघींत एका बाबतीत अंतर होतं. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे फूल तोडताना मी श्वास आवरून धरते. आता ते इतकं अंगवळणी पडलंय की बागेत शिरले की श्वास आपोआप आखडतो. बाई मात्र एकेका फुलात नाक घालायच्या. मोगऱ्याचे दिवस आले की मला चिडवायच्या, की मनिषा, देवाने तुला नाक दिलंय ते काय चष्मा ठेवायला? मी हसून परडी उचलायची.

गेल्या वर्षी बाईंना जोराचा ताप आला. बऱ्याही झाल्या. पुन्हा टोपी घालून बागेत हजर. मला काही वेगळं जाणवलं नाही. या वर्षी पौषात मात्र मासळीच्या खताचं प्रकरण झालं.

मोगऱ्याला छाटणी करून, पाणी तोडून, मग खत द्यायचं असतं. बाईंनी उरणजवळच्या मोरा बंदरातल्या एका कोळणीकडून सुक्या मासळीचा चुरा मागवला होता. दरवर्षी थोडासा आणून खोल पुरायच्या, कोणाला पत्ता लागत नसे. या वेळी गोणी उघडीच जिन्याखाली ठेवली आणि चुरा कुंड्यांवर नुसता पसरला. दुपारच्या उन्हात असा वास सुटला की तिसऱ्या मजल्यावर माझ्या देवघरापर्यंत पोचला. मी उदबत्तीवर उदबत्ती लावली. साऱ्या सेक्टरातली मांजरं आमच्याकडे जमली. सोसायटीचा सेक्रेटरी विश्वजीत नाकाला रुमाल लावून खाली आला. त्याला बाईंनी शांतपणे नत्र आणि स्फुरद समजावून सांगितलं. त्याला वाटलं बाई मुद्दाम करतायत. तसं तो बोललाही.

मी जिन्यात उभी होते. विश्वजीत गेल्यावर बाई कुंडीवर अगदी वाकल्या, दीर्घ श्वास घेतला, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. मग पुन्हा घेतला. त्या वास घेत नव्हत्या, शोधत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी वर गेले नाही. त्यांच्या घरात जाऊन दार लोटलं आणि हळू विचारलं, बाई, तापापासून का? त्यांनी टोपी काढली. म्हणाल्या, कोणाला सांगू नकोस गं. लोक माझ्याकडे वास घ्यायला येतात, आणि मी उगाच केविलवाणी दिसेन. डॉक्टर झाले, कान-नाक-घसावाले झाले, येईल म्हणाले, आलेला नाही. बोलता बोलता त्या रातराणीच्या काड्यांना ओल्या फडक्यात गुंडाळत होत्या. समोरच्या इमारतीत खाली एक आजोबा अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या खिडकीखाली लावायला. मी त्या काड्यांकडे बघत राहिले तर म्हणाल्या, "मला येत नाही म्हणून लावायची नाही का?"

त्या दिवशी दोघींनी मिळून चुरा मातीत पुरला. मी तोंडावर पदर बांधून मनात रामरक्षा म्हणत होते. बाईंना माझी अवस्था बघून हसू आवरेना.

पुढे फाल्गुनात त्यांनी मला मोगऱ्याचं सांगितलं.

ओव्याला शिकवत असताना बळीराम नावाचा मुलगा त्यांच्या वर्गात होता. त्याच्या आईचं नाव शकू. घरची भातशेती. शकूच्या अंगणात मोगऱ्याचं झुडूप होतं, आणि चैत्र लागला की रोज सकाळी बळीरामच्या हातून बाईंसाठी पानात गुंडाळलेली फुलं यायची. बाई तेव्हा नव्या, एकट्या, गावात कोणी ओळखीचं नाही. त्या फुलांच्या आधाराने मी तिथे टिकले, असं त्या म्हणाल्या. आता बळीरामने जुनं घर पाडून तिथे इमारत बांधली. घर पाडायच्या दिवशी आठवणीने मोगऱ्याच्या फांद्या पोत्यात भरून बाईंना पाठवल्या. फक्त त्याने एक घोळ केला. अंगणात झुडपं दोन होती, एक आईचं आणि एक त्याने मागाहून नर्सरीतून आणलेलं. दोन्हींच्या फांद्या एकाच पोत्यात. पानं सारखी, फुलाचं रूपही सारखं, दुहेरी पाकळीचं. बाईंनी सगळ्या काड्या लावल्या. पावसात कुजून एकच जगली. कुठली, ते फुलाच्या वासावरूनच कळणार. आणि ती कळ्या धरायच्या आतच बाईंचा वास गेला.

या वर्षी त्या झुडपाला कळ्या आल्या. बळीरामने घरी सांगून टाकलं, की आई, तुझा मोगरा बाईंनी जगवलाय. शकूबाई आता थकलेल्या, डोळ्यांनी नीट दिसत नाही. पण आपला मोगरा परत दारात लागणार म्हणून दिवस मोजत होत्या. आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मीच त्यांना बोलवावं, असं बाईंनी सुचवलं होतं, तेव्हा ही गुंतागुंत मला ठाऊक नव्हती.

मी म्हटलं, मग सोपं आहे की बाई, शकूबाईंनाच फूल हुंगायला द्या, त्या सांगतील.

बाईंनी मान हलवली. "ती नाही सांगणार. मी तिच्या हातात धोतऱ्याचं फूल दिलं तरी ती म्हणेल, बाई, ह्योच माजा मोगरा. मास्तरणीला खोटं कसं पाडायचं, असं आहे तिचं. आणि घरी जाऊन रोज त्याला पाणी घालेल आणि रोज मनात रडेल. मला आधी कळायला हवं. नसेल तर मी तिला स्वतः सांगेन, की शकू, तुझा नाही जगला."

म्हणजे वास मला घ्यावा लागणार होता. आणि मला तर वासाची ओळख नाही. वासाची माझी पुंजी म्हणजे कापूर, उदबत्ती, तूप, फोडणी.

बाईंनी शिकवणी सुरू केली. देवाचा नेम मोडायचा नव्हता, म्हणून गळून पडलेल्या फुलांवर. पडलेलं फूल एरवीही मी देवाला घेत नाही. दुपारचं जेवण आटोपून मी खाली जायची, त्या माझ्या ओंजळीत सोनचाफा ठेवायच्या आणि सांग म्हणायच्या. मी म्हणायची, छान आहे. त्या म्हणायच्या, छान हा शेरा झाला, वास सांग. मी म्हणायची, गोड. गोड कसला, गुळाचा की केळ्याचा? असं करत करत मी सोनचाफ्याला पिकलेल्या फणसापर्यंत आणून पोचवलं तेव्हा बाईंनी टाळी वाजवली. मधुमालती मला तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी वाटली. ते त्यांना इतकं आवडलं की डोळे मिटून बराच वेळ बसल्या. म्हणाल्या, आला बघ. मला आधी कळेना काय आला. माझ्या सांगण्यातून त्यांना तो आठवत होता.

शकूच्या मोगऱ्याबद्दल मात्र त्यांना स्वतःलाच शब्द सापडत नव्हता. गोड तर सगळेच मोगरे. त्याच्यात शेवटी मागे काहीतरी राहायचं, एवढंच. जन्मभर मुलांना व्याख्या घालून दिल्या, आणि इथे मी कोरी, असं म्हणायच्या.

फूल यायचं लवकर, पण कळ्यांना अळी लागली. कळी पोखरणारी बारीक हिरवी अळी. बाईंनी चष्म्यावर भिंग धरून एकेक वेचून काढली, निंबोळीचा अर्क फवारला, तरी बऱ्याच कळ्या जांभळट पडून गळल्या. हळदीकुंकवाच्या आदल्या संध्याकाळी झुडपावर उमलण्याजोगी एकच कळी होती. आणि बाईंनी ती काडी लावतानाच ठरवून ठेवलं होतं, पहिलं फूल माझ्या बाळकृष्णाला.

मी म्हटलं, देवाला पुढचं चालेल. त्या ऐकेनात. कबूल केलंय ते केलंय, म्हणाल्या. उद्या सकाळी तू ते परडीत घे. शकूला मी सांगेन की अजून नक्की नाही, थांब थोडी. असं म्हणून त्या हसल्या, पण पाण्याची झारी रिकामी असतानाच झाडांवर धरून उभ्या होत्या.

सकाळी मी आंघोळ करून, सोवळ्याची साडी नेसून खाली गेले. बाई आधीच तिथे होत्या. फूल उमललं होतं. पांढरं, भरलेलं, पाकळीवर पाकळी. बाईंनी फांदी जरा माझ्याकडे वाकवून धरली आणि नेहमीसारखं एकटीनेच बोलत राहिल्या. आज ऊन फार होणार, कैऱ्या किसून झाल्या का, पन्ह्याला केशर माझ्याकडून ने. सगळं बोलल्या, त्या फुलाबद्दल सोडून.

मी हात पुढे केला. देठाला बोट लागलं. श्वास नेहमीसारखा आखडलेला. त्यांच्याकडे पाहिलं तर त्या फुलाकडे बघत होत्या, तसंच, पौषात खताच्या कुंडीवर वाकल्या होत्या तसं, शोधत.

मी खाली वाकले आणि श्वास सोडला, आणि मग आत घेतला.

बाई गप्प झाल्या.

आधी सगळा गोडवा आला, कोणत्याही गजऱ्याला येतो तसा. मी निराश झाले. मग तशीच थांबले, बाईंनी शिकवलं होतं तसं, श्वास न सोडता. आणि त्या गोडव्याच्या मागून हळूच दुसरं काही आलं. ते मला चांगलं ओळखीचं होतं. रोज माझ्या देवघरात असतं.

"निरांजन शांत झाल्यावर वात धुमसते ना, बाई," मी म्हटलं. "थोडं तूप, थोडा धूर. तसं मागे राहतंय."

पूजा व्हायची होती. माझा आवाज मलाच परका वाटला.

बाईंनी फांदी सोडली. पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या. टोपी मांडीवर घेतली आणि तिची कड चाचपत राहिल्या. "तिची चूल," एवढंच म्हणाल्या. "मला वाटायचं तिच्या चुलीचा वास लागलाय फुलांना. म्हणून मी कधी मोगऱ्याच्या खात्यात धरलाच नाही. फुलाचाच होता गं तो."

मी घरी जाऊन पुन्हा आंघोळ केली. बाळकृष्णाला तुळस आणि जास्वंद वाहिली आणि झालं ते सांगितलं. त्याच्याकडून काही तक्रार आली नाही.

दुपारी गौर झोपाळ्यात बसवली. दारात चैत्रांगण काढलं, कलिंगडाची कमळं कापली, डाळ वाटली. बायका जमल्या. शकूबाईंना बळीराम गाडीने सोडून गेला. ठेंगणी, काळीसावळी मूर्ती, कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या, चालताना भिंतीला एक हात. बाईंचा आवाज ऐकला तशा शकूबाई त्या दिशेने गेल्या आणि पायाशी वाकल्या. बाईंनी त्यांना वरच्या वर धरलं.

वाटीत पाणी घालून त्यात ते फूल ठेवलं होतं. बाईंनी ते शकूबाईंच्या हातात दिलं. मनातून मी देवाचा धावा करत होते. त्या रडून हो म्हणाल्या असत्या तरी मला ते खरं की बाईंचा मान, हे कळलं नसतं.

त्यांनी फूल नाकाशी नेलं, बराच वेळ धरलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, तो दुसरा नाय ना ठेवला तुमी? बल्यानं हौसेनं आनलेला नर्सरीचा? नुसता साखरंचा पाक मेला. दोगं एका जागी लावू नका, ह्याचा वास मरल."

सगळ्या हसल्या. बाईंच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. तो नाही जगला, त्या म्हणाल्या, हाच जगला.

"मंग तुमाला वासावरनंच कललं आसल."

बाईंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. खोलीत सोसायटीतल्या सगळ्याच होत्या. खताच्या वेळी नाक मुरडणाऱ्याही. "मला वास येत नाही शकू," त्या म्हणाल्या, जसं वर्गात एखादं सोपं उत्तर सांगावं. "वर्ष झालं. या मनिषाने वास घेतला आणि मला सांगितला."

शकूबाईंनी चाचपत बाईंचा हात धरला आणि माझ्याकडे तोंड वळवलं. मग फूल माझ्यापुढे केलं. म्हणाल्या, गौरीला वाहा हे.

मी चाचरले. म्हटलं, आजी, हे वास घेतलेलं आहे. मी घेतला, आता तुम्हीही घेतला. देवाला कसं चालेल?

"आमी तर हुंगल्याबिगर वाहतच नाय," शकूबाई म्हणाल्या. त्यांना माझा प्रश्नच नीट कळला नव्हता. "गौर माहेरवाशीण हाय. माहेरवाशिणीला काय देतो ते आपन बघून नाय का देत? बिनवासाचं देलं तर सासरी जाऊन काय सांगंल?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी अगदी माझ्यासारखी, काही न बोलता, मान हलवली.

मी फूल गौरीच्या पायाशी ठेवलं.

पावसाआधी बाईंनी झुडपाची एक लांब फांदी जमिनीकडे वाकवून, मधेच जरा साल खरवडून, मातीत दाबून टाकली. वर एक दगड ठेवला. मुळं फुटली की ते रोप ओव्याला जाईल. बहराच्या शेवटी उरलेल्या कळ्या मी रोज परडीत घेते, आणि घेताना श्वास धरते. माझी रीत मला सुटत नाही, शकूबाईंची त्यांना. फक्त दुपारचं जेवण झालं की मी खाली जाते. बाई बकुळीखाली चटई टाकून बसलेल्या असतात. सोसायटीतल्या आणखी दोघीतिघी येतात हल्ली, विश्वजीतची आई तर न चुकता. बाई प्रत्येकीच्या ओंजळीत काहीतरी ठेवतात आणि विचारतात, सांगा. कोणी छान म्हणालं की अजूनही रागावतात.